भोंगा वाजेल, पण धावणार कोण?

आपल्या अंबरनाथ तालुक्यात गेल्या काही वर्षांत शेतीचे रूप पालटले आहे. बदलापूरपासून कोंडेश्वर, बारवी, मुळगावच्या बाजूला आणि इकडे वांगणीच्या अंगाला गावठाणापासून लांब कितीतरी शेतघरे, पंपघरे आणि वाड्या उभ्या राहिल्या. काही मुंबई-ठाण्याच्या मंडळींच्या आहेत, काही आपल्याच शेतकऱ्यांच्या. यातल्या बऱ्याच ठिकाणी महावितरणचा खांब अजून पोहोचलेला नाही. पंप सौरऊर्जेवर, दिवा सौरऊर्जेवर, आणि रात्रीची राखण मात्र घरातल्या म्हाताऱ्यावर. मोटार, केबल, स्टार्टर आणि आता तर पॅनेलसुद्धा चोरीला जाऊ लागले, तेव्हापासून वडीलधाऱ्या माणसाला कांबळ देऊन वाडीवर झोपायला पाठवणे हाच एक उपाय उरला आहे. साप-विंचू आहेत, डोंगराकडेला बिबट्याची धास्ती आहे. साठी उलटलेल्या माणसाने किती वर्षे ही राखण करावी?

म्हणून सौरऊर्जेवर चालणाऱ्या गजराच्या यंत्राबद्दल शेतकरी विचारतात, तेव्हा मला बरे वाटते. पण विचारणा होते ती बहुतेक वेळा खरेदी झाल्यावर. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारात हवे ते मिळते, भावही बरा पडतो, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण एवढीच की ती पेटी शहरातल्या दुकानासाठी बनवलेली असते. तिच्या पोटात १२ व्होल्टची, बहुधा ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. शहरात तासभर लाइट गेली तर वेळ निभावून नेणे एवढेच तिचे काम. आपल्या वाडीवर लाइट मुळात आलेलीच नाही, हे त्या पेटीला कसे कळावे?

हिशेब अवघड नाही, सातवीतल्या पोराला येईल. यंत्राचा मुख्य भाग, फोन लावणारा भाग आणि दोन-तीन सेन्सर मिळून साधारण दीडशे मिलिअँपिअर धरा. चोवीस तासांचे झाले साडेतीन-पावणेचार अँपिअर-तास. नेहमीची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते. म्हणजे ७ ची बॅटरी खरी साडेतीनचीच, एका दिवसात तिचा दम संपतो. आपल्याकडे जुलैत चार-चार दिवस सूर्य तोंड दाखवत नाही. चार दिवसांची बेगमी करायची तर १४-१५ अँपिअर-तास हातात हवेत, म्हणजे बॅटरी तिसाच्या आसपासची घ्यावी लागते. लिथियम फॉस्फेटची घेतली तर वीस-बाविसाची पुरते, कारण ती जास्त खाली उतरली तरी चालते. मात्र दाम जास्त.

इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. भोंगा मोठा ओरडतो म्हणून तोच वीज खात असेल असे वाटते. तो एक अँपिअर घेईल, पण वाजणार पाच मिनिटे. त्याचा खर्च हिशेबात धरण्याजोगासुद्धा नाही. खाते ती पहाऱ्याची वीज, रात्रंदिवस मुकाट्याने बसलेली. म्हणून यंत्र घेताना भोंग्याचा आवाज ऐकून घेऊ नका. नुसते जागे राहायला त्याला किती मिलिअँपिअर लागतात ते विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही तर पुढचे दुकान.

आणखी एक चूक सर्रास दिसते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यंत्राचा ॲडॉप्टर त्यालाच जोडतात. बॅटरीची १२ व्होल्टची वीज २३० करायची आणि ॲडॉप्टरने ती पुन्हा १२ वर आणायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? साधा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी आठ-दहा वॅट खातो, दिवसाला दोनशे वॅट-तासाच्या वर. गजराच्या यंत्राला सगळे मिळून लागतात चाळीस-पंचेचाळीस. राखणदारापेक्षा त्याचा नोकर पाचपट जेवतो म्हणायचे! यंत्र १२ व्होल्टचे असेल तर ते चार्ज कंट्रोलरच्या मार्गे सरळ बॅटरीला जोडावे, मध्ये योग्य फ्यूज टाकावा. कंट्रोलर चांगला घ्यावा. बॅटरी फार उतरली की भार तोडण्याची सोय त्यात हवीच.

पॅनेल ४० वॅटचे पुरते, पण मी ५० चे सांगतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात ते गरजेच्या तिप्पट-चौपट देईल आणि तुम्ही म्हणाल, साहेबांनी जास्तीचे घ्यायला लावले. जुलैत मात्र तेच कसेबसे पुरेल. तोंड दक्षिणेला आणि उतार पंधरा ते वीस अंशांचा ठेवा. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. त्यामुळे पॅनेल फार उभे केले तर नेमक्या पावसाळ्यात तोटा. अगदी सपाटही नको, पाण्याने धूळ धुऊन गेली पाहिजे. वीटभट्ट्यांच्या बाजूला दिवाळीनंतर पॅनेलवर राखेचा थर बसतो, तो आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावा. आणि जांभळाखाली पॅनेल लावू नये, बदलापूरच्या जांभळाला मानांकन मिळाले असले तरी! सावली पडते आणि पाखरे करायचे ते करून ठेवतात.

सरकारी योजनेतला सौर पंप असेल त्यांनी त्याच्या पॅनेलमधून गजरासाठी वायर ओढू नये. तिथे शेकडो व्होल्टची डी.सी. वीज असते, धक्का जिवावर बेतू शकतो, शिवाय कंपनीची हमी हातची जाईल. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के, आणि पाच वर्षांची दुरुस्तीची हमी विम्यासह आहे. पॅनेल चोरीला गेले तर आधी पोलिसांत फिर्याद द्यावी आणि तिची प्रत सांभाळावी. आपली माणसं कंपनीला फोन करत बसतात आणि फिर्यादीचे राहूनच जाते.

नदीकाठच्यांना वेगळे सांगायला हवे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन्ही वेळा उल्हास नदीने काय केले ते आपण पाहिले आहे. २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली होती. बॅटरीची पेटी जमिनीवर ठेवू नका, त्या पुराच्या खुणेच्या वर भिंतीला टांगा.

सेन्सरचे म्हणाल तर उष्णता हलली की ओरडणारा सेन्सर पत्र्याच्या पंपघरात भरवशाचा नाही. तापलेला पत्रा, मांजर, वटवाघूळ, एवढेच कशाला, काचेवरून चाललेली पाल, सगळ्यांना तो चोरच समजतो. त्यापेक्षा दाराला चुंबकाचा स्विच लावावा. केबल आणि पॅनेलच्या चौकटीतून बारीक वायरचा अखंड फेरा न्यावा. वायर तुटली की भोंगा वाजतो. फेऱ्याचा खर्च किरकोळ आहे, उंदीर कुरतडणार नाहीत अशा नळीतून तेवढा न्यावा. मात्र या फेऱ्यात किंवा कुंपणात घरची वीज सोडण्याचा विचारही करू नका. रानडुकरासाठी सोडलेल्या तारेने माणसे मेली आहेत. तो गुन्हा आहे. सौर कुंपणाचे यंत्र थोड्या थोड्या वेळाने क्षणभराचा झटका देते, जीव घेत नाही, ती गोष्टच निराळी.

फोन लावणाऱ्या यंत्रात सिमकार्ड कोणते चालते तेही पाहावे. स्वस्त यंत्रे जुन्या टू-जीवर चालतात, त्यात जिओचे कार्ड उपयोगाचे नाही. बारवीच्या खोऱ्यात आधी वाडीवर उभे राहून कोणाची रेंज येते ते बघा, मग कार्ड घ्या. रिचार्ज संपले की यंत्र मुके होते. ही आठवण घरातल्या कॉलेजच्या पोराकडे सोपवा.

आता माझे खरे म्हणणे. समजा सगळे नीट बसले, रात्री दोनला भोंगा वाजला, मालकाला फोन गेला. मालक कल्याणला किंवा गावठाणात तीन किलोमीटरवर. शेजारच्या वाडीवाल्याने भोंगा ऐकला, पण मागच्या आठवड्यात मांजराने दोनदा वाजवला होता, म्हणून तो कूस बदलून झोपला. लांडगा आला रे आला, दुसरे काय? एकेकट्याने पैसे घालून यंत्र घेतले तर त्याचा उपयोग एवढाच, की चोरी केव्हा झाली ते मिनिटासह कळते.

म्हणून हा प्रश्न ग्रामसभेत यायला हवा. एका शिवारातल्या आठ-दहा वाड्यांनी एकमेकांचे नंबर आपापल्या यंत्रात भरावेत. बहुतेक यंत्रांत पाच-सहा नंबर भरता येतात, आपण एकटा स्वतःचाच भरतो. कुणाच्या पाळीत कोण निघणार ते ठरवावे, एकट्याने जाऊ नये, निघण्याआधी ११२ ला फोन करावा. पोलीस पाटलांना या यंत्रांची माहिती असावी. १९६७ च्या कायद्याने गावातले गुन्हे रोखण्याचे काम त्यांच्याकडे दिलेले आहे, दाखल्यावर सही करणे एवढेच नाही. पुणे, नाशिककडे एका फोनवर सगळ्या गावाला संदेश देणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा अनेक गावांनी स्वीकारली. आपल्या ग्रामपंचायतींनी ती का मागू नये?

ग्रामपंचायतीकडे पैसा नाही हे उत्तर मला माहीत आहे. पण शेतघरांची घरपट्टी ग्रामपंचायत घेतेच ना? गावठाणाबाहेरच्या घराला ना दिवाबत्ती, ना रस्ता. निदान शिवाराच्या नाक्यावर एक सामाईक सौर भोंगा ग्रामनिधीतून बसवायला हरकत नसावी. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज शेतकऱ्यांनी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. बॅटरी-पॅनेलचा हिशेब मांडून हवा असेल तर यंत्राचा कागद घेऊन आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे जावे. पावसाळ्याच्या आधी गेलात तर बरे.