हंसांची सुटी

सुटी म्हणजे विसावा, असा मुलांचा समज असतो. पण तो सुटीच्या अभ्यासाची वही हाती पडेपर्यंतच टिकतो. दिवाळीची सुटी तरी याला अपवाद असावी, असे आमचे जुनेच मत आहे. अंगणात किल्ला रचणारे पोर माती कशी धरते आणि कशी ढासळते, हे त्या चार दिवसांत जेवढे शिकते तेवढे वर्षभराच्या वर्गात शिकत नाही. पण हे मुख्याध्यापकांना कोणी सांगायचे? म्हणून यंदा वाचकांना अशा एका सुटीची हकीकत सांगतो, की जी अभ्यासासाठीच दिली जाते आणि जिच्यात वही मात्र कोणी उघडत नाही.

ही सुटी कॅनडातली. क्वेबेक प्रांताच्या उत्तरेस जेम्स बे नावाचा उपसागर आहे. त्याच्या पूर्वेकडचा मुलूख क्री लोकांचा. ते त्याला ‘ईयू इस्ची’, म्हणजे लोकांची भूमी, म्हणतात. एप्रिल सरत आला, की दक्षिणेकडून रानहंसांचे थवे येऊ लागतात आणि क्री गावांतल्या शाळा दोन आठवडे बंद होतात. या सुटीला तिथे ‘गूज ब्रेक’ असे नाव आहे. आजोबा, आजी, काका, मावश्या, कडेवरची पोरे, सारे गाव बिऱ्हाड उचलून रानातल्या तळांवर जाते.

माझी एक भाची तिकडच्या एका शाळेत दोन वर्षे गणित शिकवीत होती. रिकाम्या बाकांना भूमिती शिकवण्यापेक्षा बरे, म्हणून तीही एका विद्यार्थिनीच्या घरच्यांबरोबर तळावर गेली. पोरगी सदाशिव पेठेतली, जन्माची शाकाहारी! तिला आजीबाईंनी तंबूत बसवून हंसांची पिसे उपटायला लावली. शेकोटीपुढे हंस दोरीला टांगून भाजतात. दोरीला पीळ देऊन सोडला, की तो आपोआप गरगर फिरत राहतो आणि चरबी खालच्या भांड्यात ठिबकते. दोरीचा पीळ उलगडला की तो पुन्हा देण्याचे काम शाळेतल्या बाईंकडे आले. खाल्ले काय, हे तिने आईला अजून सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.

पण खरी शाळा तंबूबाहेर. शिकारीच्या जागेवर एक जाणता माणूस असतो, त्याला ‘गूज बॉस’ म्हणतात. आज कुठे बसायचे, बंदूक केव्हा उचलायची, हे तो ठरवतो. वारा पडलेला असेल तर शिकार बंद, कारण शांत हवेत बाराचा आवाज दूरवर जातो आणि हंस ती जागाच टाकतात. सूर्य मावळल्यावरही बंदूक खाली. पंधरा वर्षांच्या मुलाने, समोर थवा उतरत असताना, हात आवरून बसणे ही काय सोपी परीक्षा आहे? सगळीच मुले हौसेने जातात असेही नव्हे. फोन चालत नाही म्हणून कुरकुरणारी तिथेही आहेतच. तरी जातात.

या शिक्षणाचा श्रीगणेशा फार लवकर होतो. आपल्याकडे जसे बारसे, उष्टावण, तसा त्यांच्यात एक संस्कार आहे. मूल चालू लागले, तरी हा विधी होईपर्यंत घराबाहेरच्या जमिनीला त्याचे पाऊल लागू देत नाहीत. मग एके दिवशी पहाटे त्याला तंबूतून बाहेर आणतात. देवदारासारख्या झाडाच्या डहाळ्या अंथरून वाट केलेली असते. मुलाच्या हातात खेळण्यातली बंदूक, मुलीच्या हातात कुऱ्हाड. मोठ्यांचे बोट धरून ते एका झाडाला फेरी घालते आणि परत येऊन आजी-आजोबांना भेटते. जमिनीशी ओळख अशी रीतसर करून दिली जाते.

ही ओळख मोडून काढण्याचे काम पुढे सरकारने आणि मिशनऱ्यांनी मिळून केले. कॅनडाभर दीड लाखाहून अधिक आदिवासी मुले निवासी शाळांत घातली गेली. क्री मुले फोर्ट जॉर्ज बेटावरच्या आणि पुढे ला तुकच्या शाळेत गेली. भाषा बोलली तर शिक्षा. शिवाय एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मुले वर्षाच्या शेवटी उन्हाळ्यात घरी यायची आणि थंडीपूर्वी परत जायची. म्हणजे बर्फावरून चालायचे, सापळे लावायचे, हंसांची वाट पाहायची, ते सारे महिने ती नेमकी शाळेत. बाप शिकवायला तयार, रान शिकवायला तयार, विद्यार्थीच गैरहजर! कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत याबद्दल माफी मागितली. फार उशिरा.

आता गंमत पाहा. १९७१ च्या एप्रिलमध्ये क्वेबेक सरकारने जेम्स बेच्या नद्यांवर प्रचंड वीजप्रकल्प जाहीर केला. ज्यांचे रान बुडायचे होते त्यांना कोणी विचारलेही नव्हते. मिस्टिसिनीच्या फिलिप अवाशिश या तरुणाला हे कळले ते वर्तमानपत्रातून. त्याने आणि बिली डायमंडने त्या जूनअखेर साऱ्या क्री गावांच्या प्रमुखांना प्रथमच एकत्र बसवले. डायमंड गावप्रमुख होता आणि त्याचे वय होते अवघे २२. तो निवासी शाळेतच शिकलेला. ज्या शाळेने त्याला रानापासून तोडले, तिथली इंग्रजी घेऊन तो त्याच रानासाठी कोर्टात उभा राहिला.

पण कोर्टात साक्ष कोणाची? म्हाताऱ्या शिकाऱ्यांची. ते एकेक करून मॉन्ट्रियलला आले. एकाची गोष्ट अजून सांगतात. शपथ घ्यायला सांगितले तेव्हा त्याने दुभाष्यामार्फत कळवले म्हणे, की सत्य सांगेन असे वचन मला देता येणार नाही. मला जे ठाऊक आहे तेवढे मात्र सांगतो. दंतकथा असेल, पण वाऱ्याचा अंदाज घेऊन बंदूक खाली ठेवणाऱ्याच्या तोंडी ती शोभते खरी. न्यायमूर्ती मालूफ यांनी १५ नोव्हेंबर १९७३ रोजी काम थांबवण्याचा हुकूम दिला. आठवड्याच्या आत वरच्या कोर्टाने तो उठवला. तरीही सरकारला बोलणी करावी लागली आणि ११ नोव्हेंबर १९७५ रोजी करार झाला.

हा करार म्हणजे निव्वळ विजय नव्हे. नद्या अडल्या, रान बुडाले, फोर्ट जॉर्ज बेटावरचे गाव उठवून चिसासिबी येथे वसवावे लागले. पण त्या तरुणांनी दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. वर्षाचे ठरावीक दिवस रानात काढणाऱ्या शिकारी कुटुंबाला नियमित उत्पन्नाची हमी, ही एक. आणि १९७८ मध्ये उभे राहिलेले क्री शिक्षणमंडळ, ही दुसरी. शाळेचे वेळापत्रक आपल्या हाती आले म्हणून हंसांसाठी सुटी देता येते! डायमंड पुढे या मंडळाचाही अध्यक्ष झाला. त्याच्या इतर पराक्रमांपेक्षा मला हाच मोठा वाटतो.

पुढची पिढी काय करते, याचे उत्तर २०१३ साली मिळाले. सर्वांत उत्तरेकडच्या व्हापमागुस्टुई गावाला आजही रस्ता जात नाही. तिथला डेव्हिड कवापिट हा १७ वर्षांचा मुलगा आणखी पाच तरुण व एक अनुभवी वाटाड्या घेऊन १६ जानेवारीला निघाला. कुठे? तर १,६०० किलोमीटरवरच्या ओटावाला, राजधानीत, आदिवासींच्या हक्कांसाठी. आणि तेही पायी. भर थंडीत, बर्फावर चालायचे रुंद जोडे बांधून, पूर्वजांच्या वाटांनी. वाटेत इतर गावांतले, इतर जमातींचे तरुण मिळत गेले. २५ मार्चला ते संसदेसमोर पोहोचले तेव्हा सात जणांचे काहीशे झाले होते. पंतप्रधान स्टीफन हार्पर त्या दिवशी टोरांटोच्या विमानतळावर चीनहून आलेल्या दोन पांडांचे स्वागत करीत होते. यावर मी काही लिहीत नाही, वाचक सूज्ञ आहेत.

त्या मुलांना हक्कांची कलमे कोणीही शिकवू शकले असते. पण जानेवारीत तिथे रात्र कशी काढायची, ते फक्त तळावरच शिकता येते.

मात्र आजोबांचे ज्ञानही आता जसेच्या तसे पुरत नाही. हवा बदलली आहे, बर्फ लवकर फुटतो. हंस जे समुद्रगवत खातात ते १९९० च्या दशकाअखेर जेम्स बेच्या पूर्व किनाऱ्यावर झपाट्याने घटले, आणि थव्यांच्या वाटाही हलल्या. ला ग्रांद नदीवर तर वेगळाच प्रकार. विजेची गरज ऐन हिवाळ्यात जास्त, म्हणून धरणाचे पाणीही तेव्हाच जास्त सुटते; त्यामुळे धरणाखालचा बर्फ कुठे भरवशाचा आहे, हे जुन्या माणसालाही नुसत्या नजरेने कळत नाही.

भाचीने एका रविवारी पाहिलेली गोष्ट सांगतो. तिच्या विद्यार्थिनीचा भाऊ आजोबांना घसरगाडीवर घेऊन नदीकाठी आला. निघण्याआधी त्याने गावच्या रेडिओवर आणि फोनवर पाण्याची खबर घेतली होती. ती त्याने आजोबांना क्री भाषेत सांगितली. आजोबा काही न बोलता उतरले, काठीने बर्फ ठोकीत पाचपन्नास पावले पुढे गेले, कान देऊन ऐकले आणि परत आले. मग दोघांचे बराच वेळ बोलणे झाले. त्या दिवशी त्यांनी नदी ओलांडली नाही. काठाकाठाने, दोन तास वळसा घालून ते तळावर गेले.