दोह्याच्या उद्यानांत स्थलांतरित पक्ष्यांसाठी जागा राखण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक,
सार्वजनिक उद्याने विभाग, नगरपालिका मंत्रालय,
दोहा, कतार.

विषय : शहरातील उद्यानांत स्थलांतराच्या काळात झुडपे राखणे व पक्षी-छायाचित्रणाचे नियम स्पष्ट करणे.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे कतारमधील मराठी रहिवासी पक्षीनिरीक्षक हे निवेदन सादर करीत आहोत. अरबी प्रत सोबत जोडली आहे.

कतारमध्ये बारमाही नदी नाही आणि वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरही भरत नाही. तरीही मध्य आशिया व युरोपातून आफ्रिकेकडे जाणारे आणि परतणारे पक्षी वसंतात व शरदात याच द्वीपकल्पावरून जातात. वाळवंट व समुद्र ओलांडून थकलेल्या पाखराला सिंचनावर वाढलेली हिरवळ हाच आसरा असतो. म्हणूनच अल बिद्दा, अस्पायर किंवा इस्लामी कला संग्रहालयालगतचे उद्यान यांचे मोल फेरफटक्यापुरते नाही. युरोपीय नीलपंख, निळ्या गालाचा राघू, हळद्या यांच्या हजारो मैलांच्या वाटेवरचे ते थांबे आहेत. ते थांबे आपल्या विभागाच्या हाती आहेत, आणि आमचे सारे म्हणणे एवढ्यावरच उभे आहे.

थांबा म्हणजे केवळ हिरवा रंग नव्हे. हुदहुद लांब चोच ओल्या मातीत खुपसून अळ्या व किडे शोधतो. राघू पकडलेली मधमाशी फांदीवर आपटून, घासून तिची नांगी निकामी करतो आणि मगच गिळतो. म्हणजे किडे नाहीत तर पक्षी नाहीत. कुंपण वारंवार कातरले, गळलेले पान रोज उचलले आणि औषध सर्रास फवारले, तर उद्यान नीटनेटके दिसेल, पण उपाशी पाखराच्या पदरी काही पडणार नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या उद्यानाचा एक कोपरा तरी सिद्र, घाफ यांसारख्या स्थानिक झाडांचा व दाट झुडपांचा राखावा. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तेथे छाटणी व फवारणी करू नये, अशी आमची मागणी आहे. सिद्र तर कतार फाउंडेशनच्या बोधचिन्हावरच आहे.

असा कोपरा ओसाड दिसेल, हा आक्षेप रास्त आहे. पण मुंबईत माहीमजवळ जुन्या कचराभूमीवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान मुद्दाम दाट ठेवलेले आहे आणि लोक ते पाहायला आवर्जून जातात. एक साधा फलक लावला की दाट झुडूप दुर्लक्षित नसून राखलेले आहे, हे कुणालाही कळते. झाडीने येथे उपद्रवी ठरलेल्या साळुंक्या वाढतील, अशीही शंका घेतली जाईल. साळुंकी पकडण्याची मोहीम पर्यावरण व हवामान बदल मंत्रालयाने हाती घेतली आहे आणि तिला आमचा पाठिंबा आहे. मात्र साळुंकी फोफावते ती कातरलेल्या हिरवळीवर, सांडलेल्या अन्नावर आणि इमारतींच्या भोकांत. दाट काटेरी झुडपात तिला तसे काही मिळत नाही. शिवाय साळुंकी कुठे घरटी करते आहे, हे मंत्रालयाला विनामूल्य कळवू शकतील ते रोज उद्यानात फिरणारे निरीक्षकच.

येथेच छायाचित्रणाचा प्रश्न येतो. तारीख व ठिकाणासह टिपलेले छायाचित्र हा पक्षी येऊन गेल्याचा पुरावा असतो. मोठी लेन्स पाहून सुरक्षारक्षकाला शंका येणे स्वाभाविक आहे, आणि कुटुंबांच्या खासगीपणाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारे छायाचित्र घेणे कतारच्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो असावाच. आम्ही त्यातून सूट मागत नाही. हौशी पक्षी-छायाचित्रणाला कुठे, केव्हा व कोणत्या अटींवर मुभा आहे, हे अरबीत व इंग्रजीत लेखी जाहीर करावे, म्हणजे रक्षक आणि निरीक्षक दोघांचीही अडचण दूर होईल. छायाचित्रकारांपासून पक्ष्यांनाच त्रास होतो, हेही काही वेळा खरे असते. घरट्याजवळ जाणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे, त्याला उडवून छायाचित्र घेणे या गोष्टींवर नियमातच बंदी घालावी.

या मागण्यांना नवे बांधकाम लागत नाही, मोठा खर्चही नाही. येत्या शरदातील स्थलांतरापूर्वी निदान अल बिद्दा उद्यानात प्रायोगिक तत्त्वावर एक कोपरा राखावा आणि आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले नम्र,
कतारमधील मराठी पक्षीनिरीक्षक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)