वाघळांची शिरगणती

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावाच्या वेशीवरचा जुना वड संध्याकाळी पाहावा. दिवसभर फांद्यांना उलटी लोंबकळणारी मोठी वटवाघळे अंधार पडू लागताच एकामागून एक उडतात आणि फळांच्या शोधात दूर निघून जातात. त्याच वेळी कपाशीच्या शेतांवर लहान वाघळे किड्यांमागे भिरभिरत असतात. ही सारी किती आहेत आणि त्यांत जाती कोणत्या, हे गावात क्वचितच कोणाला ठाऊक असते. परंतु वाघूळ अशुभ, हे मत मात्र पुष्कळांचे ठरलेले असते. मोजणी झालेली नाही, आणि निवाडा होऊन बसला आहे!

कायद्याकडूनही असेच घडले होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणाऱ्या वाघळांना उंदीर व कावळे यांच्याबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसविले. ही यादी 2022 च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

मोजणीने काय साधते, हे अमेरिकेतील टेक्सास राज्यात दिसून आले. तेथील एका कापूस पिकविणाऱ्या भागात वाघळे बोंडअळीचे पतंग खातात. त्यामुळे शेतकऱ्यांचे वर्षाला सुमारे 7,40,000 डॉलर वाचतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केला. यवतमाळ हाही कापसाचाच जिल्हा होय. 2017 साली येथे कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी किडे खाणाऱ्या प्राण्याचा हिशेब मांडणे ही चैन नव्हे, गरज आहे.

मग मोजावे कसे? वटवाघळे दिवसा झाडावर, किंवा संध्याकाळी उडताना, दुरून मोजता येतात. लहान वाघळांचे तसे नाही. ती अंधारात ओरडतात व प्रतिध्वनीवरून वाट काढतात. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. त्यांचा आवाज बहुधा त्याहून उंच असतो. 1938 साली डोनाल्ड ग्रिफिन व जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी तो यंत्राने प्रथम टिपला. आज असे यंत्र हातात मावते. परंतु वटवाघळे डोळ्यांनी व नाकाने वाट काढतात, म्हणून त्यांचा पत्ता या यंत्राला लागत नाही. शिवाय काही जातींचे आवाज इतके सारखे असतात, की बारीक जाळ्यात पकडून, हाताच्या हाडाची लांबी मोजूनच जात ओळखावी लागते. आणि उंचावरून उडणारी वाघळे जाळ्यात येतच नाहीत. तात्पर्य, कोणतीही एक पद्धत पुरी पडत नाही.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 साली सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी आरंभिली. तीत वऱ्हाडाचाही समावेश होता. 1912 साली बेळगाव जिल्ह्यातील बारापेडे गुहेत एक अगदी नवी जात या पाहणीत सापडली. त्या काळी नमुने मारून जपून ठेवीत. त्या नमुन्यांवाचून पुष्कळ जाती ओळखताच आल्या नसत्या, हे खरे. परंतु आज यंत्र हाताशी असता तोच मार्ग धरणे योग्य नाही. वाघळाची मादी बहुधा वर्षाला एकच पिलू देते. पिले अंगाशी असताना गुहेत गोंगाट झाला, दिवे फिरले, तर पिले खाली पडून मरतात. म्हणून आधी डोळे व कान वापरावे. जाळे अगदी अखेरीस, आणि तेही परवानगी असलेल्या जाणत्या माणसाच्याच हाती असावे.

गावातील मुलांनाही या कामात वाटा उचलता येईल. वाघळाला हात न लावता, दुरून, रोज एकाच वेळी, एकाच वडाकडे पाहून आकडा वहीत लिहावा. वर्षभराने ती वही गावाला सांगेल, की वाघळे वाढली की घटली. निवाडा त्यानंतर करावा.