"लहान आहेत हो, राहतील एकत्र!"

ठाण्यापासून कल्याणपर्यंत माशांच्या कुठल्याही दुकानात उभे राहा, हे वाक्य कानावर पडतंच. माझ्या मते मोठ्या टँकमध्ये सिक्लिड पाळू पाहणाऱ्याला पडणारं हे सगळ्यात महागडं वाक्य आहे. मासे आज लहान आहेत, हे खरंच. पण आपण टँक काय फक्त आजच्या दिवसापुरता भरतो?

मंडळी, सिक्लिड म्हणजे गप्पी-मॉली नव्हेत. ऑस्करचंच घ्या. दुकानात दोन-तीन इंचाचं गोंडस पिल्लू असतं, पण नीट खाऊ घातलं तर वर्षभरात दहा इंचाच्या आसपास जातं आणि पुढे फूटभर होतं. तोंडात मावेल तो मासा त्याच्या लेखी शेजारी नसतो, जेवण असतं. फ्लॉवरहॉर्न तर १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला. डोक्यावरच्या टेंगळात लक्ष्मी असते म्हणे! घरमालकाचं नशीब उजळायचं तेव्हा उजळो, सोबत टाकलेल्या माशाचं बहुधा आठवड्याभरात फुटतं. त्याला एकटाच ठेवावा. आणि त्याच्या शेजारी लाल 'पॅरट' टाकणारे महाभाग आहेत. हाही संकरितच, पण ह्याचं तोंड धड मिटतसुद्धा नाही. तो काय डोंबल भांडणार?

"पण माझा टँक चार फुटी आहे!" असेना. चार बाय दीड बाय दोन फूट म्हणजे साधारण ३४० लिटर पाणी. त्यात झेब्रा सिक्लिडच्या एका जोडीने कोपऱ्यात अंडी घातली की अर्धा टँक त्यांचा. बाकीचे उरलेल्या अर्ध्यात, दाराशी लटकल्यासारखे. सकाळी ८ची डोंबिवली लोकल आठवा :-)

दुसरा घोळ पाण्याचा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी क्षारयुक्त, पीएच पावणेआठ ते साडेआठच्या घरात. ॲमेझॉनकडच्या डिस्कस-एंजलना मऊ, किंचित आम्ल पाणी मानवतं. आपल्या नळाला येतं ते भातसा, उल्हास, बारवीचं, म्हणजे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं पाणी, क्षार बेताचेच. सोसायटीत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर गणित आणखी निराळं. म्हणून आधी साध्या किटने पाणी तपासा, मग मासा ठरवा. आणि खाणं? मलावीचे म्बुना मासे खडकांवरचं शेवाळ खरवडून खाणारे. त्यांना ऑस्करसारखा मांसाहार रोज घातला की पोट फुगून मरतात.

आमच्या धंद्यात दोन लायब्रऱ्या एकत्र चालतील का, हे कोणी आयकॉनचा रंग बघून ठरवत नाही. व्हर्जन बघतो, कशाला काय लागतं ते बघतो. मग तोच माणूस शनिवारी दुकानात जाऊन "एक पिवळा, दोन निळे आणि तो ठिपक्यांचा द्या" असं कसं म्हणतो?

माझं म्हणणं साधं आहे: एका टँकमध्ये एकच मुलूख. मलावी करायचा तर फक्त म्बुना, दगडांच्या भरपूर कपारी, एका नराला तीन-चार माद्या आणि जरा दाटीच, म्हणजे मार एकट्यावर पडत नाही. दक्षिण अमेरिका करायची तर एक ऑस्कर, सोबत सेव्हेरम आणि पूर्ण वाढलेले सिल्व्हर डॉलर, आणि त्यासाठी चार फूट ही सुरुवात समजा, चैन नव्हे. फ्लॉवरहॉर्न हवा तर फक्त फ्लॉवरहॉर्न. बास.

दुकानदार म्हणतील, गिऱ्हाईकालाच रंगीबेरंगी हवं असतं. खरं आहे, त्यांचंही पोट त्यावर आहे. पण मेलेल्या माशाच्या जागी नवा मासा विकला जातो, त्यामुळे चुकीच्या सल्ल्याची झळ सल्ला देणाऱ्याला बसत नाही, हेही तितकंच खरं.

"मासाच तो, नाही जमलं तर तलावात सोडू" असं म्हणणाऱ्यांचा मला खरा राग आहे. ठाण्याला आपण तलावांचं शहर म्हणतो. मासुंदा, उपवन किंवा कल्याणचा काळा तलाव ही काही नकोशा माशांची धर्मशाळा नव्हे. बाजारात मिळणारी 'चिलापी', म्हणजे तिलापिया, हीसुद्धा आफ्रिकेतली सिक्लिडच. १९५२ साली ती मत्स्यशेतीसाठी भारतात आणली. पिल्लं तोंडात सांभाळणारा हा चिवट मासा देशभरच्या तलावांत आणि धरणांत असा पसरला की स्थानिक माशांना जागा उरेना. आपल्या मातीतले सिक्लिड मोजून तीन, त्यातली गोव्याची काळुंदर खवय्यांना माहीत आहे. त्यांच्या देशात आपण दिवाणखान्यातले गुंड का सोडायचे?

दुकानदारांनी एवढं तरी करावं: प्रत्येक टाकीवर किमतीच्या शेजारी तीन गोष्टी लिहाव्यात. पूर्ण वाढ किती, पाणी कसलं, स्वभाव कसा. तोवर आपण विचारावं. उत्तर "लहान आहेत हो" असं आलं, तर पिशवी न घेता सरळ स्टेशन गाठावं.