मागची स्प्रिंग आणि मागे बसणारी

मैत्रिणींनो, या सदरात आजवर हळदीच्या डागांपासून लोणच्याच्या बुरशीपर्यंत सगळं झालं. आज मात्र मोटारसायकलविषयी लिहिणार आहे. ‘हा पुरुषांचा विषय’ म्हणून पान उलटू नका. गाडी कुणीही चालवो, तिचे दणके कुणाच्या कमरेला बसतात ते आपल्याला पुरतं ठाऊक आहे.

झालं असं. गेल्या वर्षी वसमतच्या मोंढ्यात हळद विकून पैसे हाती आले आणि आमच्या धाकट्या भावजींनी स्पोर्ट्‌स बाइक घेतली. पुढची सीट ऐसपैस. मागची पोळपाटाएवढी, तीही माळ्यावर ठेवल्यासारखी उंच. तुळशीचं लग्न उरकल्यावर भावजींचंही झालं. यंदा श्रावणी सोमवारी दोघं औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाली, आणि वाटेतल्या एका गतिरोधकावर गाडी अशी आदळली की जाऊबाई वर उडून सीटच्या कडेवर माकडहाडावर आपटल्या. मागची कडी धरली होती म्हणून खाली पडल्या नाहीत इतकंच. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं, पण पंधरा दिवस पोरगी उशी घेतल्याशिवाय बसत नव्हती.

भावजी म्हणायचे, “ती घट्ट बसतच नाही.” सासूबाई म्हणायच्या, “काहून बसवतोस रे पोरीला त्या घोड्यावर?” आणि ती काहीच म्हणेना. तिचं बी.एड.चं दुसरं वर्ष. कॉलेज गावाबाहेर, एस.टी.ची वेळ जुळत नाही, भावजींनी सोडलं तरच जाणं होणार. एके दिवशी भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, “ताई, राहू द्या आता ते बी.एड.”

तेव्हा मात्र मी उठले. भावजींना म्हटलं, गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक कुठाय? सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं होतं. इंग्रजीत होतं. बी.ए.ला माझं इंग्रजी काही चमकलं नव्हतं, पण सहावीच्या वर्गाला शिकवते तेवढ्या बळावर आणि चित्रं बघून वाचलं. त्यात ‘प्रीलोड’ म्हणून एक प्रकरण निघालं. मागच्या शॉकअपवर जी जाड स्प्रिंग असते, तिच्या एका टोकाला खाचा असलेली वाटी असते. ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवता येते. आमच्या गाडीला अशा दहा खाचा, आणि गाडी होती पहिल्या खाचेवर, म्हणजे सगळ्यात सैल. का, तर गॅरेजवाल्या मित्राने सांगितलं, “वहिनी बसणार ना मागे, मऊ ठेव.”

इथेच सगळं चुकतं! मऊ म्हणजे आरामाचं असं आपल्यालाही वाटतं. पण जुनी, कापूस दबलेली गादी आठवा. मऊ असते खरी, पण आडवं झालं की पाठीला पलंगाची फळी लागते. तसंच दोघं बसल्यावर ती स्प्रिंग अर्धीअधिक बसून जात होती. गतिरोधक आला की उरलेलं अंतर क्षणात संपायचं आणि शॉकअप तळाला ठोकायचा. दणका बसायचा तो फळीचा.

आता एक गंमत सांगते, कारण पुष्कळ मेकॅनिकसुद्धा हे उलटं सांगतात. वाटी फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. समजा, एक स्प्रिंग १ सेंटीमीटर दाबायला २० किलो वजन लागतं. तिच्यावर १०० किलो ठेवले तर ती ५ सेंटीमीटर दबेल. तीच स्प्रिंग आधीच २ सेंटीमीटर दाबून बसवली, तर ४० किलोपर्यंत हलणारच नाही आणि १०० किलोला तीनच सेंटीमीटर खाली जाईल. पुढच्या प्रत्येक सेंटीमीटरला मात्र वीसच किलो. स्प्रिंग तीच, ताकद तीच. फक्त गाडी उंच राहते आणि खड्ड्यासाठी जागा शिल्लक उरते. बॉलपेनमधली स्प्रिंग पेनाबाहेर काढून बघा, आत ती दाबलेलीच असते.

मग शिवणाचा टेप काढला. आमच्या ह्यांनी आणि शेजारच्या मुलाने गाडी मागून चाक सुटेपर्यंत उचलून धरली. मी चाकाच्या मधल्या नटापासून सरळ वर शेपटीवर खडूची खूण करून माप घेतलं. मग भावजी आणि जाऊबाई नेहमीसारखे बसले, गाडी दोन-तीनदा खालीवर हलवली आणि तेच माप पुन्हा घेतलं. फरक भरला ६ सेंटीमीटर! अशा गाडीचं मागचं चाक एकूण १२-१३ सेंटीमीटर वरखाली होतं. त्याचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ४ सेंटीमीटरच्या आसपास गाडी बसावी. पाचव्या खाचेवर नेल्यावर ते चार आलं.

खाच बदलायला हुकासारखा वाकडा पाना लागतो, तो गाडीच्या हत्यारांतच असतो. सायलेन्सर गार झालेला हवा. गाडी नीट स्टँडवर घ्यावी. आधी जुन्या टूथब्रशने खाचांतला चिखल काढावा, नाहीतर पाना सटकतो आणि बोटांची सालं निघतात (भावजींची निघाली). एकेक खाच पुढे जावं, थेट पहिलीवरून शेवटचीवर उडी मारू नये. ज्या साध्या गाड्यांना दोन्ही बाजूंना शॉकअप असतात, म्हणजे आपल्या स्प्लेंडरसारख्या, त्यांना बहुधा पाच खाचा असतात. तिथे दोन्हीकडे एकच आकडा हवा. गॅसचा शॉकअप घरी उघडायच्या भानगडीत मात्र कुणी पडू नये.

आणि जास्तीचाही सोस नको. पाचव्या खाचेवर एकटे भावजी निघाले की मागचं चाक खड्ड्यावर उड्या मारतं. फार सैल असेल तर शेपूट बसते, पुढचं चाक हलकं होतं, गाडी वळणावर बाहेर ओढते आणि दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय खाच बदलली की चेनचा ढिलेपणाही बघून घ्यावा. शॉकअपमधून तेल गळत असेल, गाडी खड्ड्यानंतर होडीसारखी डुलत राहत असेल, तर तो रोग वेगळा. खाच फिरवून जाणार नाही.

ओघात आलं म्हणून सांगते. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण, ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो, ते आणि मागच्याला धरायची कडी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलेली आहे. पोरं शोभेसाठी काढून टाकतात. भावजींनीही काढलं होतं. ते माळ्यावरून खाली आलं आणि जाऊबाईंच्या ओढणीची काळजी मिटली. एका बाजूला पाय सोडून त्या सीटवर बसू नये हेही सासूबाईंना पटवलं. पंजाबी ड्रेसला त्यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग विसरल्या.

पहिल्या दिवशी जाऊबाई कॉलेजला निघाली तेव्हा मी फाटकात उभी होते. संध्याकाळी तिने सांगितलं, “ताई, गतिरोधक कळला, पण लागला नाही.” भावजींनीही वेग कमी केला असणार, ते काही ते कबूल करायचे नाहीत. आता आमच्या कालनिर्णयच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय : एकटे असतील तर दोन, दोघं असतील तर पाच. सकाळी खाच फिरवायचं काम जाऊबाईच करते, आणि टेप मला परत मिळालेला नाही.