दवाखाना गाठेपर्यंत श्वास कोण सांभाळणार? व्हेंटिलेटरच्या आधी लागतो तो साधा मास्क

समजा, रात्रीचे दोन वाजले आहेत. रिसोड तालुक्यातल्या केनवडमध्ये सत्तरीतले एक आजोबा अंथरुणात उठून बसले आहेत. आडवे झाले की जीव घुसमटतो. छातीत खरखर आहे, घामाने बंडी भिजली आहे, दोन शब्दांच्या पुढे वाक्य जात नाही. नातू १०८ ला फोन लावतो.

पुढचा प्रवास आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. आधी रिसोडचे ग्रामीण रुग्णालय, मग वाशिमचे जिल्हा रुग्णालय आणि तिथेही जमले नाही तर ‘अकोल्याला न्या’. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्यामुळे यातला शेवटचा टप्पा हळूहळू कमी होईल, अशी आशा आहे. पण घरापासून पहिल्या खाटेपर्यंतचा टप्पा तसाच राहणार आहे.

गंभीर रुग्ण म्हटला की आपली मागणी एकच असते, व्हेंटिलेटर. माझे म्हणणे वेगळे आहे. गावापासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर आधी हवा आहे एक घट्ट बसणारा मास्क, थोडा दाब, घसा साफ करणारे सक्शन आणि हे सगळे वापरता येणारा हात.

सीपॅप म्हणजे नेमके काय?

मी इंजिनिअरिंग शिकलो, डॉक्टर नाही. म्हणून दाबाच्या भाषेत सांगतो. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ दहा सेंटिमीटर बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा. त्यासाठी जेवढा जोर लागतो, साधारण तेवढाच दाब सीपॅप देते. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तुलनेत हा जेमतेम एक टक्का. कारच्या टायरमधला दाब याच्या दोनशे पट असतो.

एवढ्याशा दाबाने काय होते? फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते. थोडा फुगलेला असला की पुढचे सोपे. फुप्फुसातल्या वायुकोशांचेही तसेच आहे. हृदय कमजोर पडून फुप्फुसात पाणी भरले की हे कोश मिटायला लागतात आणि प्रत्येक श्वासाला ती पहिली फुंकर मारावी लागते. सीपॅप त्यांना पूर्ण मिटू देत नाही. छातीतल्या दाबामुळे हृदयाचे कामही थोडे हलके होते.

बायपॅप हा त्याचाच भाऊ. श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी, असे दोन दाब तो देतो. विडीने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या सीओपीडीच्या रुग्णाला याचा मोठा उपयोग होतो. अशा रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला असताना बायपॅप दिल्यास मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे.

हृदयाच्या रुग्णांबाबत चित्र इतके एकतर्फी नाही. ब्रिटनमध्ये १,०६९ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाबाच्या उपचाराने धाप लवकर कमी झाली, पण सात दिवसांतल्या मृत्यूंत फरक पडला नाही. म्हणजे सीपॅप जादूची कांडी नाही. पण औषधाला काम करायला वेळ मिळवून देण्याचे काम तो करतो, आणि केनवडसारख्या गावाला हवा असतो तो हाच वेळ.

हे बिरवाडीत घडून गेले आहे

मोठा इलाज लहान जागेतून सुरू होऊ शकतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७० च्या दशकात ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात विंचू चावलेली माणसे, त्यातही लहान मुले, फुप्फुसात पाणी भरून दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा वापर रूढ केला. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तिथे मोठी इमारत नव्हती. लक्षण ओळखणारा डॉक्टर होता आणि योग्य गोष्ट योग्य वेळी दिली जात होती. फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णाला सीपॅप लावण्यामागेही हाच विचार आहे.

मास्क कुठे चालत नाही?

सीपॅपला रुग्ण शुद्धीवर आणि स्वतः श्वास घेणारा लागतो. बेशुद्ध, उलट्या होत असलेल्या, रक्तदाब फार घसरलेल्या, चेहऱ्याला जबर मार लागलेल्या किंवा छातीला मार लागून फुप्फुसाबाहेर हवा साचलेल्या रुग्णाला तो धोक्याचा ठरू शकतो.

आपल्या भागात असे रुग्ण कमी नाहीत. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत तोंडात आणि श्वासनलिकेत इतका स्राव साचतो की माणूस त्यातच गुदमरतो. तिथे आधी सक्शन आणि ॲट्रोपिन लागते. मण्यार चावली तर श्वासाचे स्नायूच ढिले पडतात. तिथे अंबू बॅगने श्वास द्यावा लागतो. ती हाताने दाबायची पिशवी आहे, तिला वीज लागत नाही.

मग श्वासनलिकेत नळी टाकायची का? ते अवघड कौशल्य आहे आणि सराव नसेल तर हातून सुटते. त्याला पर्याय आहे घशात, स्वरयंत्राच्या वर बसणाऱ्या साधनांचा. लंडनमधले भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांनी १९८० च्या दशकात लॅरिंजिअल मास्क आणला. आय-जेल हे त्याच जातीतले पुढचे साधन. इंग्लंडमध्ये दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या ९ हजारांहून अधिक रुग्णांवर आय-जेल आणि नळी यांची तुलना झाली. २०१८ मध्ये निकाल आला, तेव्हा रुग्ण वाचून चांगल्या स्थितीत राहण्यात दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. जे शिकायला सोपे, ते गावाकडच्या गाडीत आधी असावे, असा मी याचा अर्थ घेतो.

सिलिंडरचे गणित

राज्यात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यातल्या २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक जीवनरक्षक प्रकारच्या, म्हणजे चारपैकी तीन गाड्या प्राथमिक. म्हणून जे उपकरण प्राथमिक गाडीतही चालेल, त्याचाच विचार आधी व्हायला हवा. ऑक्सिजनच्या प्रवाहावर चालणारे साधे सीपॅप मास्क आहेत. त्यांना वेगळे यंत्र लागत नाही.

पण ते ऑक्सिजन खातात. दीड घनमीटरच्या लहान सिलिंडरमध्ये १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला ५ लिटरने तो ५ तास पुरतो. १५ लिटरने १०० मिनिटे, २५ लिटरने फक्त एक तास. जंबो सिलिंडर ७,००० लिटरचा, तो २५ लिटरने साडेचार तासांहून थोडा जास्त चालतो. अर्धा रिकामा लहान सिलिंडर घेऊन गाडी निघाली, तर अर्ध्या तासातच सीपॅप बंद पडेल.

शिवाय जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगले, असेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या ४०५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट भरपूर ऑक्सिजन दिलेल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले, मोजून दिलेल्या गटात ४ टक्के. सीओपीडीच्या रुग्णाचे ऑक्सिजनचे प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवावे, असे मानले जाते. बोटाला लावायचा छोटा ऑक्सिमीटर आणि नॉब फिरवणारा जाणता हात असेल तर हे जमते.

यंत्र आले, पुढे काय?

मे २०२१ आठवा. मराठवाड्याला पीएम केअर्समधून मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरचा विषय औरंगाबाद खंडपीठात गेला. वापरात आणलेल्या ११३ मध्ये दोष असल्याचे तिथे सांगण्यात आले. केंद्राने यंत्रांना दोष न देता ती बसवण्याच्या आणि वापरण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवले. खरे कोणाचेही असो, त्या दिवसांत रुग्णाला ती यंत्रे हवी तशी लाभली नाहीत.

म्हणून मागणी करताना नुसते ‘यंत्र द्या’ म्हणू नये. चार गोष्टी एकत्र मागाव्यात :

• प्रत्येक १०८ गाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सीपॅप मास्क, सक्शन, अंबू बॅग आणि घशात बसणारी साधने, तीही लहान-मोठ्या सगळ्या मापांत.
• डॉक्टर, परिचारिका आणि चालकांचा पुतळ्यावर ठरावीक काळाने सराव.
• गाडी निघण्याआधी सिलिंडरच्या दाबाची लेखी नोंद.
• पुढच्या रुग्णालयाला आधी फोन, म्हणजे बायपॅप तयार राहील.

नव्या वैद्यकीय महाविद्यालयाला यातले प्रशिक्षण सहज हाती घेता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

घरच्यांनी काय करावे?

धाप लागलेल्या माणसाला आडवे झोपवू नका, टेकवून बसवा. पाणी पाजण्याची घाई करू नका. बेशुद्ध असेल आणि श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. १०८ ला सांगताना हृदयाचा त्रास, दमा, फवारणी, साप-विंचू यांपैकी काय ते आधी सांगा. जुन्या गोळ्या आणि चिठ्ठ्या पिशवीत घ्या. घोरण्यासाठी घरी सीपॅप मशीन असेल, तर त्यावर विसंबून दवाखान्यात जायला उशीर करू नका.

केनवड ते वाशिम हे अंतर कोणी कमी करू शकत नाही. पण त्या वाटेवर आजोबा नुसते गाडीत बसून धापा टाकत जातील की उपचार घेत जातील, हे ठरवणे शासनाच्या हातात आहे. पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि नळाबरोबर हा एक प्रश्नही विचारा : आपल्या गावाला येणाऱ्या १०८ मध्ये सीपॅप आहे का, आणि तो लावता कोणाला येतो?