कोपीतील संसार आणि सहकाराची कसोटी

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊन दाखल होतात. शिवनगर, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि जवळच्या माळावर, ओढ्याकाठी, कालव्याच्या भरावालगत कोप्यांचे तळ उभे राहतात. या कोप्यांत राहणारी माणसे बहुतांशी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील आहेत. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी ही त्यांच्या तालुक्यांची नावे पुण्यातील वाचकांना क्वचितच ऐकू येत असतील. परंतु आपल्या चहातील साखर त्यांच्याच हातून येते. राज्यात अशा मजुरांची संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज केला जातो. त्यांना घर, त्यांच्या मुलांना शाळा आणि त्यांच्या गावी काम या तीन गोष्टी मिळवून देणे हे आता दयेचे नव्हे, न्यायाचे काम झाले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या भूमीवर हे तळ पडतात तिचा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला आणि एका कोरडवाहू मुलखाचे रूप पालटले. पाणी आले म्हणून ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर वसविले, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची घरे, शाळा आणि दवाखानाही उभारला. पुढे सहकारी कारखान्यांनी शेतकऱ्याला मालक केले. त्यांच्या पाठोपाठ रस्ते, पतसंस्था आणि महाविद्यालये आली. या प्रगतीचा आम्हांस अभिमान वाटतो. तथापि या सुबत्तेच्या हिशेबात एक रकाना अद्याप कोराच आहे. ज्याच्या कोयत्यावाचून उसाचे एक कांडेही गव्हाणीत पडत नाही, तो मजूर ना सभासद आहे, ना कारखान्याचा कामगार. तो मुकादमाचा माणूस आहे, एवढे बोलून सारे मोकळे होतात.

मुकादमाचा माणूस म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो त्या वेळी नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ मानून मुकादम उचल देतो. ती उचल फिटेपर्यंत जोडी बांधली गेली. पहाटेच्या अंधारात फडात शिरायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. रात्री-अपरात्री वाहन आले तरी उठायचे. आजारपणाने खाडा झाला तर तोही उचलीत मांडला जातो. या व्यवहाराची सर्वांत दारुण किंमत स्त्रिया मोजतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला आणि शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ज्या तळावर न्हाणीघर नाही, शौचकूप नाही, पिण्याचे पाणी टँकर येईल तेव्हाच, त्या तळावरील बाईला दुखणे अंगावर काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. घराचा प्रश्न हा असा थेट आरोग्याचा प्रश्न आहे.

म्हणून पहिली मागणी निवाऱ्याची. बांबू, पाचट आणि ताडपत्री यांची कोपी थंडी, साप आणि आग यांपैकी कशालाच अडवीत नाही. कारखाना दरसाल त्याच गावी चालतो, टोळ्याही दरसाल येतात. मग तळ मात्र दरसाल तात्पुरता का? मजूर फडाफडांतून फिरतो, एका जागी घर बांधून काय उपयोग, असा आक्षेप कारखान्यांचे संचालक घेतात. त्यात थोडे तथ्य आहे. परंतु गटागटाचे तळ वर्षानुवर्षे ठरलेले असतात, आणि तेथे ओटे, पक्के छप्पर, नळ, दिवा आणि शौचकूप उभारणे मुळीच अवघड नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावे महामंडळ स्थापन झाले असून त्यासाठी कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये घेण्याचे ठरले आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे हे एका हंगामाचे एक कोटी रुपये होतात. त्यांतील निश्चित वाटा त्याच कारखान्याच्या तळांवर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब वार्षिक सभेपुढे मांडला जावा.

दुसरी मागणी शाळेची. आम्ही आयुष्याची काही वर्षे शिक्षकी पेशात काढली आहेत, आणि हजेरीपटावरील लाल रेघेचा अर्थ आम्हांस ठाऊक आहे. दिवाळीनंतर गेलेले मूल गुढीपाडव्याच्या सुमारास परतते, तेव्हा एक सबंध सत्र बुडालेले असते. भागाकार शिकवून झालेला असतो, वर्ग अपूर्णांकांवर पोहोचलेला असतो; मागे पडलेल्या मुलाला शाळा नकोशी वाटू लागते, आणि दोन-तीन हंगामांत त्याच्या हाती कोयता येतो. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक मुलाला नजीकच्या नियमित शाळेत प्रवेशाचा अधिकार दिला आणि साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व योग्य होते. पण तळापासून शाळा तीन-चार कोसांवर असेल, आणि धाकट्या भावंडाला सांभाळणारे दुसरे कोणी नसेल, तर थोरली बहीण तो अधिकार बजावणार कशी?

मुलांना येथे आणूच नये, गावीच ठेवावे, असे काही जाणकार म्हणतात. शाळकरी वयाच्या मुलांपुरते आम्हांसही तेच श्रेयस्कर वाटते. याच हेतूने शासनाने गावोगावी हंगामी वसतिगृहे सुरू केली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावे वसतिगृहांची योजनाही जाहीर केली. ही वसतिगृहे कोयता उचलण्यापूर्वी उघडली पाहिजेत. टोळ्या निघून गेल्यावर उघडलेल्या दाराचा उपयोग नाही. आणि जी मुले आईबापांबरोबर येतीलच, त्यांच्यासाठी तळावर पाळणाघर व अंगणवाडी आणि शाळेपर्यंत ने-आण करणारे वाहन हवे. घरची शाळा की तळाची शाळा, या वादात मुलाचे वर्ष वाया जाऊ देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तिसरी मागणी सर्वांत मोठी, आणि तीच मूळ रोगावरची. माणूस हौसेने गाव सोडीत नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली, ती स्वागतार्हच होती. पण मजुरी वाढल्याने स्थलांतर थांबत नाही. शिवाय तोडणी यंत्रे फडात उतरू लागली आहेत आणि शासन त्यांना अनुदानही देत आहे. उद्या यंत्राने कोयता हिसकावला, तर बालाघाटच्या माणसाने जावे कोठे? त्या पट्ट्यात सीताफळे आहेत, शेळ्या आहेत, दूध आहे, कापूस आहे. नाही ते अडविलेले पाणी आणि जवळचा उद्योग. २०२५ च्या सप्टेंबरात बीड शहरापर्यंत रेल्वे पोहोचली. त्या रुळांवरून केवळ मजूर बाहेर न जाता तेथील मालही बाहेर जावा, यासाठी प्रक्रिया उद्योग, शीतगृहे आणि पाणलोटाची कामे त्याच तालुक्यांत काढली पाहिजेत.

बारामती-इंदापूरकरांनी या मागणीकडे परक्याचे गाऱ्हाणे म्हणून पाहू नये. सुपे-मोरगावच्या जिराईत पट्ट्यातील वडीलधाऱ्यांना १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे आठवत असतील. पाणी आणि काम मिळाले की माणूस मुळे धरतो, याचा या दोन तालुक्यांइतका बोलका दाखला दुसरा नाही. जे कालव्याने येथे घडविले, ते तेथेही घडू शकते. त्याला वेळ लागेल. तोवर जे आपल्या दारी येऊन राबतात, त्यांना पक्के छप्पर, स्वच्छ पाणी आणि मुलांना शाळा देणे मात्र येत्या गळीत हंगामापूर्वीही शक्य आहे. सहकार या शब्दाचा अर्थ सभासदांच्या यादीपाशी संपत नसेल, तर कारखान्यांनी या कामाचा आरंभ आपल्याच शिवारातील तळांपासून करावा.